यंत्रमानवांच्या वर्तणुकीबाबत

सुदर्शनला नाद होता गोष्टी लिहायचा आणि नोकरी होती टंकलेखकाची. या दोन्ही गोष्टी एका माणसात असू नयेत असा एखादा नियम सरकारनं आधीच करून ठेवला असता, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण सरकार नको त्या गोष्टींचे नियम करतं, आणि हव्या त्या गोष्टीचे करायला सुदर्शनसारखा रिकामटेकडा लागतो.

जव्हारातल्या एका सरकारी कचेरीत तो टाईपरायटर बडवायचा. कचेरी कोणती ते विचारू नका. नाव घेतलं की लगेच कुणाच्या तरी पोटात दुखायला लागतं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पालघर जिल्ह्याचं तेव्हा नावही नव्हतं, सगळा कारभार ठाण्याहून चालायचा. ठाण्याहून इकडे येणारा साहेब येतानाच परतीच्या बदलीचा अर्ज खिशात घालून यायचा. आला की आधी विचारायचा, इथून शेवटची एसटी कितीला सुटते?

यावरूनच सुदर्शनला ती गोष्ट सुचली. सन दोन हजार साठ. जव्हार-मोखाड्याला बदली म्हटल्यावर माणूस म्हणून कुणी यायलाच तयार नाही. कुणाच्या आईला दमा, कुणाच्या बायकोला हवा मानवत नाही, कुणाचा आमदार ओळखीचा. शेवटी सरकार वैतागतं आणि यंत्रमानव पाठवतं. पत्र्याचे, पगार न मागणारे, भत्ता न मागणारे. आता यंत्रमानव म्हटल्यावर त्यानं वागायचं कसं याचे नियम पाहिजेत, नाहीतर तो माणसासारखा वागायला लागायचा.

त्याची बायको जयवंती भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढी वर्षं माणसांना नियम करून काय उजेड पडला, ते आता पत्र्याला करताय?" पण लेखकाला बायकोचं ऐकू येत नसतं.

नियम करायला बसला खरा, पण यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तो बाजारातल्या जुल्फिकारभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसला. "भाई, यंत्राला काय काय लागतं हो?"

जुल्फिकारभाईंनी ओठांत धरलेला स्क्रू काढला. "पाणी नको. तेल पाहिजे. आणि बॅटरीवर चालणारं असेल तर रोजच्या रोज चार्ज पाहिजे. बाकी यंत्र बिचारं काही मागत नाही. मागतं ते गिऱ्हाईक."

झाले की तीन नियम. पण पहिला नियम मात्र सुदर्शनचा स्वतःचा होता. त्याच्या कचेरीत पावसाळ्यात पाड्यापाड्यांवरून अहवाल यायचे आणि ते ठाण्याला पाठवण्यासाठी नीट टाईप करायचं काम त्याचं. एकदा त्यानं 'उपाशी' हा शब्द आला तसा टाईप केला, तर कागद लाल शाईची रेघ ओढून परत आला. 'उपाशी' नाही म्हणायचं, 'अन्नविषयक तूट' म्हणायचं. सुदर्शन जव्हारजवळच्या दाभोश्याचा. लहानपणी आषाढात घरातलं धान्य संपलं की आई रानातला कडूकंद उकळायची, पाणी बदलून बदलून, आणि तरी ते खाल्ल्यावर घशाला खाज सुटायची. त्या खाजेला तूट म्हणायचं हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्याला राग आला होता, आणि कचेरीत राग टाईप करायची सोय नव्हती. म्हणून त्यानं गोष्टीत टाईप केलं :

'१. यंत्रमानवाने कोणत्याही माणसास उपाशी ठेवू नये. उपाशी माणूस आढळल्यास हाताशी असलेले धान्य, परवानगीची वाट न पाहता, वाटून टाकावे.'

त्याखाली जुल्फिकारभाईंचे तीन. पाण्यात भिजू नये. दररोज सायंकाळी चार्ज घ्यावा. दर गुरुवारी सांध्यांना तेल द्यावे. आणि जागा उरली म्हणून अगदी शेवटी आणखी एक : माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे.

आता हे साध्या कागदावर साध्या भाषेत लिहिलं असतं तर काही बिघडलं असतं का? पण नाही. गोष्टीतलं सरकार ते सरकारच, मग त्याचं परिपत्रक अस्सल दिसायला नको? दुपारच्या सुट्टीत बसून त्यानं वर मधोमध 'परिपत्रक' टाईप केलं. खाली 'विषय : यंत्रमानवांच्या वर्तणुकीबाबत'. शेवटी 'सदर नियमांचे उल्लंघन करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी'. सहीसाठी जागा सोडली. कागद पाहून स्वतःवरच खूश झाला, टेबलावर ठेवला, आणि दाभोश्याला आवणीला गेला. भातलावणीला माणूस कमी पडत होतं आणि त्यानं रजा टाकलेली होती.

तो गेला आणि शिपाई लाडक्यानं सगळ्या टेबलांवरचे टाईप झालेले कागद गोळा करून साहेबांच्या सहीला नेले.

वाकणकर साहेब पुण्याकडचे. सही करताना ते कागदाकडे बघत नसत, खिडकीबाहेर बघत. त्यांचं म्हणणं असं की वाचून सही केली की जबाबदारी येते. त्यांनी त्या गठ्ठ्यावर सह्या केल्या, पुढच्या टेबलानं जावक क्रमांक घातला, लाडक्यानं चक्रमुद्रणाच्या यंत्रावर प्रती काढल्या, आणि सन दोन हजार साठचं परिपत्रक जीपगाड्यांतून गावोगाव गेलं.

आवणी उरकून सुदर्शन कामावर रुजू झाला तेव्हा बाहेर धो धो पाऊस. एरवी अशा दिवसांत निम्मी टेबलं रिकामी असायची, लोक गावांना 'भेटी' द्यायला गेलेले असायचे. कुणाच्या भेटी ते सोडा. आज सगळेच्या सगळे जागेवर. चहा चाललाय, गप्पा चालल्यात.

"काय हो, आज कुणी दौऱ्यावर नाही?" त्यानं विचारलं.

"भिजायची मनाई आहे," एक विस्तार अधिकारी समाधानानं म्हणाले. "वरून आलंय."

सुदर्शनला वाटलं, आलं असेल बुवा. सरकारला कधी नव्हे ती दया आली असेल.

संध्याकाळ झाली तसे सगळे उठले आणि जोडीजोडीनं उभे राहिले. मोठे कारकून रोहिदास अण्णा, वय पन्नाशीपुढचं, सगळी कचेरी ज्यांच्या शब्दाबाहेर नाही, त्यांनी कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि टाचणीची डबी शेजारच्या टेबलावरच्या भिका अण्णांच्या हवाली केली. भिका अण्णांनी आपल्या किल्ल्या रोहिदास अण्णांना दिल्या. मग दोघांनी एकमेकांच्या कागदावर सह्या केल्या.

"अण्णा, हे काय?"

"चार्ज," रोहिदास अण्णा म्हणाले. "रोज सायंकाळी चार्ज घ्यावा असा हुकूम आहे. मी भिकाचा घेतला, भिकानं माझा घेतला. उद्या सकाळी उलट करायचं."

त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "आणि गुरुवारी?"

"तेल. तेच तर झेंगट आहे. कुठलं तेल ते लिहिलेलंच नाही. खोबरेल, तीळ की मोहाच्या बियांचं? मी मार्गदर्शन मागवलंय ठाण्याकडून. तोवर ज्यानं त्यानं घरचं वापरायचं. साहेबांचे गुडघे लाडक्यानं चोळून दिले, साहेब म्हणाले, आजवरच्या नोकरीत पहिलंच कामाचं परिपत्रक आलं."

अण्णांनी भिंतीवर टाचलेला कागद दाखवला. सुदर्शनच्याच टाईपरायटरची अक्षरं, मोडक्या वेलांटीची. खाली वाकणकर साहेबांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक.

"अण्णा," तो कसाबसा म्हणाला, "यंत्रमानव म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

रोहिदास अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. कारकुनीत केस पांढरे झालेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय! "वरून पत्र येतं त्यात काय लिहितात? 'सर्व यंत्रणांना कळविण्यात येते.' आपण कोण? यंत्रणा. त्या यंत्रणेतला मानव तो यंत्रमानव. मध्यमपदलोपी समास. शाळेत काय शिकलास रे तू?"

सुदर्शननं आता बोलायचं तरी काय? ही गोष्ट आहे म्हणावं तर शासकीय कागदावर खाजगी लेखन, साहेबाची फसवणूक, सरळ निलंबन. घरात जयवंती, दोन पोरं, म्हातारी आई. त्यानं मनाशी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. माणसं एकमेकांना किल्ल्या देतायत, गुडघ्यांना तेल लावतायत, यात कुणाचं काय वाईट होतंय? उलट तो रात्री जयवंतीला हे सांगून पोट धरधरून हसला. चार दिवस तर त्याला आपण मोठे साहित्यिक असल्यासारखंच वाटत होतं. गावोगावचे अंमलबजावणीचे अहवाल टाईप करायला त्याच्याकडेच यायला लागले. 'परिपत्रकानुसार सर्व कर्मचाऱ्यांनी सांध्यांना तेल दिले असून कोणाचाही सांधा शिल्लक नाही.' 'ओढ्यास पाणी असल्याने व भिजण्यास मनाई असल्याने पाड्यावर जाता आले नाही.' खरं उत्तर देण्याच्या नियमाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि पहिल्या नियमाबद्दलही नाही.

मग वांगणीहून कागद आला.

वांगणी म्हणजे वावर गावाच्याही पलीकडे, रस्ता असून नसल्यासारखा. तिथं पुष्पलता ग्रामसेविका होती. मोखाड्याकडची पोर, घराण्यात सरकारी नोकरी लागलेली पहिलीच. नोकरी लागली तेव्हा बापानं पाड्याला कोंबडं कापलं होतं. पावसाळ्यात वाटायचं खावटीचं धान्य रस्ता बंद व्हायच्या आत नेऊन तिच्या ताब्यात समाजमंदिरात रचून ठेवलेलं होतं. वाटायचं कधी? तर लाभार्थ्यांची यादी मंजूर झाल्यावर. यादी मंजूर करायला बैठक लागते, बैठकीला सदस्य लागतात, आणि सदस्यांना भिजायचं नव्हतं.

तिच्या कागदात मोजून दोन ओळी होत्या. 'संदर्भ : आपले परिपत्रक, नियम १. गावात माणसे उपाशी आढळल्याने हाताशी असलेल्या धान्यापैकी निम्मे परवानगीची वाट न पाहता वाटले आहे, उरलेले पलीकडच्या पाड्यांचे लोक ओढा उतरल्यावर येतील तेव्हा वाटण्यात येईल, माहितीस्तव सविनय सादर.'

साहेबांच्या खोलीतून जी आरोळी आली ती बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली असेल.

"कुणाच्या परवानगीनं? कुणाच्या?" वाकणकर साहेब टेबल बडवत होते. "मंजुरी नाही, यादी नाही, आणि ही बया सरकारी धान्य वाटत सुटली! निलंबित करा. सगळं धान्य तिच्या पगारातून वसूल करा. जन्मभर फेडू दे. अण्णा, काढा ऑर्डर."

रोहिदास अण्णांनी खाकरून भिंतीवरचा कागद त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा आपण सही केलेला कागद वाचला.

"हा असा नियम आहे यात? मी समजत होतो, तेलाचंच आहे." त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "वरून आलंय ना हे? मग वरच्यांनाच विचारू."

आता ठाण्याला पत्र जाणार, ठाण्याहून उत्तर येणार की असलं काही आम्ही पाठवलेलं नाही, आणि मग पुष्पलताच्या हातात काहीच उरणार नाही. सुदर्शनला हे सगळं ढळढळीत दिसलं. त्याला तिचा बापही आठवला, पोर रुजू व्हायला आली तेव्हा कचेरीत येऊन तिनं सही केलेल्या टेबलाला हात लावून गेलेला. आपण गंमत म्हणून लिहिलं आणि ती पोर त्यावर विसंबली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती मागे पडली.

"साहेब, वरून नाही आलं. मी लिहिलंय. ती गोष्ट आहे."

"गोष्ट?"

"विज्ञानकथा. यंत्रमानव म्हणजे यंत्राचा माणूस, पत्र्याचा. दिवाळी अंकाला पाठवायची होती. कागद चुकून सहीला आला."

साहेब खाली बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी... गोष्टीवर सही केली?"

"हो साहेब."

"आणि गेले एवढे दिवस गुडघ्यांना तेल..."

"ते लागू पडलं ना साहेब, मग झालं," लाडक्या दारातून म्हणाला. त्याला बाहेर घालवण्यात आलं.

साहेब आता घामाघूम. सुदर्शनला घरी बसवायला एक मिनिट लागलं नसतं, पण त्यासाठी कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं की सगळ्या महाराष्ट्राला कळलं असतं की वाकणकर नावाच्या अधिकाऱ्यानं स्वतःला पत्र्याचा माणूस समजून सांध्यांना तेल दिलं. पुण्याची बदली राहिली बाजूला. "रद्द करा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता परिपत्रक रद्द करा. काढलं त्या तारखेपासून रद्द."

"पहिल्यापासून रद्द केलं तर वांगणीची बाई अडकते साहेब," सुदर्शन म्हणाला. "ती अडकली की अपील करणार. अपिलाला परिपत्रक जोडणार. सहीसकट."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तेव्हा रोहिदास अण्णा पुढं झाले. असल्या वेळेसाठीच देवानं त्यांना जन्माला घातलं होतं. "साहेब, सरकारी कागद रद्द करायचा म्हणजे चूक झाली म्हणायची. आपण शुद्धिपत्रक काढू. चूक झाली नाही, छपाईत एखादा शब्द राहून गेला. बाकीचे नियम लोकांना पसंत आहेत, राहू देत. पहिला तेवढा दुरुस्त करू. पण शब्द कमीत कमी बदलायला हवेत, म्हणजे खरंच छपाईची चूक वाटली पाहिजे."

"मग बदला."

दोघंही सुदर्शनकडे बघायला लागले.

"मी लिहितो," सुदर्शन म्हणाला, "पण शुद्धिपत्रक पुढच्या तारखेपासून लागू होईल. तोवर जे झालं ते नियमानं झालं. पुष्पलताबाईंना कुणी काही विचारायचं नाही."

"हो रे बाबा, हो. काय तारीख घालायची ती घाल. लिही आधी."

तो यंत्रासमोर बसला. वाक्य डोळ्यांपुढे होतं : कोणत्याही माणसास उपाशी ठेवू नये. यात कमीत कमी काय बदललं म्हणजे धान्याची कोठारं बंद राहतील? त्यानं 'शक्यतो' घालून पाहिलं. साहेब म्हणाले, शक्यतो नको, कुणीतरी शक्य करून दाखवायचा. 'मंजुरीने' घातलं, मंजुरीनं उपाशी ठेवू नये, म्हणजे बिनमंजुरीनं ठेवावं की काय, असा अर्थ निघायला लागला. आणि मग त्याला सुचलं. लेखकाला सुचतं तसंच, एकदम, सगळंच्या सगळं, आणि सुचल्याबरोबर बोटांनी टाईप करून टाकलं. वाक्य चपखल बसलं होतं. रोहिदास अण्णांनी वाचून "वा!" म्हटलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि हात जोडले.

'नियम १ मधील "कोणत्याही माणसास उपाशी ठेवू नये" याऐवजी "कोणत्याही माणसाची उपाशी म्हणून नोंद ठेवू नये" असे वाचावे. त्यापुढील वाक्य वगळावे.'

सुदर्शनच्या आजवरच्या लिखाणाला मिळालेली ही पहिली दाद. आईच्या कडूकंदाची खाज घशात आल्यासारखं झालं आणि तो उठून मागच्या पडवीत जाऊन उभा राहिला. एका बाईची नोकरी वाचवायला दुसरा मार्ग नव्हता, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. तरी त्याला आपली चीड आली ती आलीच.

उरलेलं धान्य कुलूपबंद करून किल्ली ताब्यात घ्यावी, असं एक जोडपत्र साहेबांनी वरून लावलं आणि दोन्ही कागद घेऊन वांगणीला जायचं कामही सुदर्शनच्याच गळ्यात मारलं. बाकी सगळ्यांना भिजायची मनाई होती.

जीप वावरपर्यंत गेली. पुढे चिखल तुडवत तो सकाळच्या पारी वांगणीला पोचला तेव्हा पाऊस जरा उघडला होता. समाजमंदिराच्या ओट्यावर पुष्पलता तांदळाची पोती ओल लागू नये म्हणून फळ्यांवर चढवत होती. साडीचा काष्टा मारलेला, केसांत तूस. त्याला बघून ती हसली आणि मग त्याच्या हातातले कागद बघून हसू थांबलं.

"बसा भाऊ. चा ठेवते. दूध नाही."

"राहू दे चहा. आधी ऐका." सुदर्शन उभ्यानंच भडाभडा बोलला. परिपत्रक खोटं होतं. म्हणजे सही खरी होती, पण नियम खोटे होते. ती आपली एक गोष्ट होती, पत्र्याच्या माणसांची. आपल्यामुळे तुमची नोकरी जाता जाता राहिली. "माफी मागतो बाई. तुम्हाला वाटलं सरकारनंच सांगितलंय, आणि तुम्ही..."

"मला नाही तसं वाटलं," पुष्पलता म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो भाऊ, मी शास्त्र विषय घेऊन बारावी झालेय. यंत्रमानव कळतो मला. वाचलं तेव्हाच म्हटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. सरकार असं कधी लिहितं का? उपाशी माणसाला वाटून टाका म्हणून? येड्यासारखं." तिनं हात साडीला पुसले. "पण खाली सही होती. शिक्का होता. मी तीन वेळा यादीसाठी पत्र पाठवलं, त्याला सही मिळाली नाही. याला होती. मग म्हटलं, चेष्टा तर चेष्टा. पोरं भुकेली होती हो. फागी आजी तर उठून बसत नव्हती."

त्यानं मान खाली घालून शुद्धिपत्रक पुढं केलं. तिनं वाचलं. एकदा भरभर, मग एकेका शब्दावर बोट ठेवून.

"हे पण तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"छान लिहिलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर त्याला बरं वाटलं असतं. "म्हणजे आता कुणी उपाशी आहे म्हणून लिहायचंच नाही. मेलं तर?"

सुदर्शननं कुलपाचं जोडपत्रही पुढं केलं.

तिनं ते वाचलं आणि पुन्हा शुद्धिपत्रक डोळ्यांजवळ नेलं. "आणि ही तारीख? ही उद्याची आहे."

"हो. तोवर तुम्ही वाटलेलं सगळं नियमात बसतं. तेवढ्यासाठीच मी पुढची तारीख घातली."

"म्हणजे आज जुनाच नियम आहे."

"आज... हो. आज जुनाच."

"सांजपर्यंत."

सुदर्शननं मान वर केली. पुष्पलता त्याच्याकडे बघत नव्हतीच, ती ओढ्याकडे बघत होती. पाणी उतरलेलं होतं, गुडघ्याएवढं असेल नसेल. तिनं ओट्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पलीकडच्या टेकाडाकडे अशी हाक मारली की झाडांवरची पाखरं उडाली. तिकडून कुणीतरी ओ दिली. ती हाक एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला, तिथून तिसऱ्याला अशी पुढे पुढे गेलेली ऐकू आली. थोड्या वेळानं इरली डोक्यावर घेतलेली माणसं वाटेनं उतरताना दिसायला लागली. बायका, म्हातारे, काखेत पोरं.

"कुलूप घालायला आलात ना भाऊ?" पुष्पलता म्हणाली. "घाला की. सांजच्याला घाला. तोवर पोत्याचं तोंड धरा."

सुदर्शननं विजारीचे पाय वर दुमडले आणि पोत्याचं तोंड धरलं. दिवसभर धरलं. हात भरून आले, पाठ गेली, दुपारून पुन्हा पाऊस लागला आणि तो चिंब भिजला. एका म्हातारीनं फडक्यात तांदूळ बांधून घेताना त्याला विचारलं, "तू कोण रं? सरकारचा का?" तो नाही म्हणाला. त्याला फार बरं वाटत होतं आणि फार वाईट वाटत होतं, दोन्ही एकदमच. अंधार पडायच्या आत शेवटचं पोतं झटकून झालं आणि त्यांनी दोघांनी मिळून रिकाम्या समाजमंदिराला कुलूप घातलं. किल्ली त्यानं खिशात टाकली आणि पावती दिली.

साहेबांनी किल्ली ताब्यात आली एवढंच पाहिलं, आत काय आहे ते विचारलं नाही. पुष्पलताला कुणी बोट लावलं नाही. कचेरीत कुणाला तो विषयच नको होता.

तेवढ्या तांदळावर वांगणीनं श्रावण काढला. भादव्यात लोक पुन्हा कडूकंद खणायला रानात गेले. पुष्पलतानं अहवाल पाठवायचं थांबवलं नाही, दर आठवड्याला पाठवला, आणि सुदर्शननं तो नियमाप्रमाणे टाईप केला. शुद्धिपत्रक लागू झालं त्या दिवसापासून वांगणीत कुणी उपाशी राहिलेलं नाही.